लिनेटच्या फेऱ्या

आमच्या लार्कफील्डच्या फाटकात उभं राहिलं की एका हाताला रूळ आणि दुसऱ्या हाताला केझिया ड्यूबेरीच्या परसाची बुटकी भिंत. भिंतीवरून ओल्या चादरी डोकावतात. वारा असला तर चादरी माझ्याशी बोलतात, नसला तर केझिया बोलते. फाटक माझं. म्हणजे तसं रेल्वे कंपनीचं. पण रुळांवर काम करता करता माझा नवरा गेला तेव्हा कंपनीने हे फाटक आणि त्याच्या कडेची दोन खोल्यांची कोठी मला दिली. तेव्हापासून उघडते मी, लावते मी, शिव्या खाते मी. मग माझंच की. तबीथा क्रंप कोण म्हणून विचारा, गावात कुणीही सांगेल: "ती होय? लोकांना ताटकळत ठेवते ती!"

ताटकळत मी ठेवत नव्हते. ठेवत होती लिनेट.

लंडनहून येणारी गाडी आमच्याकडे संपते. या उपनगरांच्या गाड्यांसाठी कंपनीने सहा छोटी इंजिनं बांधली आणि त्यांना पाखरांची नावं दिली. सहा बहिणीच त्या. लिनेट त्यातलं शेंडेफळ. मोठ्या इंजिनांसारखी मागे कोळसापाण्याची वेगळी गाडी नाही; पाणी पोटाखालच्या टाकीत, कोक, म्हणजे भाजलेला कोळसा, पाठीशी एवढ्याशा खणात. घागर कडेवर आणि शिदोरी काखेत घेऊन निघालेली पोरच जशी. तोंड फिरवायलाही नको, पुढे धावते तशीच मागे. डोक्यावर छप्पर नाही. समोर एक उभा पत्रा आणि त्याला दोन गोल काचा. चष्मा लावून कुणाची तरी वाट बघतेय असं वाटायचं.

या बहिणींना एक खोड होती. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा पंप चाकाच्या आसाला जोडलेला. चाक फिरलं तर पंप चालणार, चाक थांबलं की पंपही थांबला. आणि विस्तव तर थांबत नाही! इंजिन स्टेशनात उभं राहिलं की आतलं पाणी आटत जायचं, आणि पाणी भरायचं तर इंजिन चालवायलाच हवं. म्हणून गाडी आली की लिनेटला डब्यांपासून सोडायचे. मग ती बाजूच्या रुळावरून, माझं फाटक ओलांडून, केझियाच्या भिंतीच्या टोकापर्यंत जायची आणि माघारी यायची. जायची आणि यायची. तहानलेल्या माणसाने विहिरीवर जाऊन पाणी प्यावं तसं नाही. चालत चालतच प्यायची, बाई!

पोरींनी गाणं केलं होतं त्यावर. दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायच्या:

लिनेटबाई, लिनेटबाई, निघालीस तू कुठं?
भिंतीपाशी पाणी प्याया, भिंत जिथं तुटं.
लिनेटबाई, लिनेटबाई, का आलीस माग गं?
ओठावरचं ओठी राहिलं, पुन्हा जाणं भाग गं.

चौथी ओळ लिनेटची नव्हे, तिच्या ड्रायव्हरची. हे पोरींनाही ठाऊक होतं आणि सगळ्या गावालाही.

ड्रायव्हर एझ्रा टॅपसेल. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, विस्तवाशी बसून बसून गाल भाजलेल्या पावासारखे झालेले. कंपनीत रीत अशी की ज्याचं इंजिन त्याचंच. दुसऱ्याने हात लावायचा नाही, पितळ त्यानेच घासायचं. एझ्राने लिनेटची चिमणीची कड अशी घासली होती की तिच्यात बघून भांग पाडावा. पण माणूस जमिनीवर उभा राहिला की मुका. जीभ जणू त्याच आसाला जोडलेली. इंजिन हललं की दोन शब्द यायचे. थांबलं की आटले.

मागच्या हिवाळ्यात मी त्याला आणि केझियाला मुद्दाम चहाला बोलावलं होतं. मनुकांचा केक केला होता. एझ्रा न्हाऊनमाखून, गळपट्टी आवळून आला आणि खुर्चीत बसला. चहा निवला, चूल निवली, केझियाच्या दोन जांभया झाल्या. उठता उठता त्याने चमचा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाला, "हा चमचा छान आहे."

तेवढंच. केझिया घरी जाताना मला म्हणाली, "अगं तबीथा, तो चमच्याला मागणी घालायला आला होता की काय?"

पण दुपारच्या फेऱ्यांना तोच माणूस भिंतीजवळून जाताना टोपी उचलायचा आणि म्हणायचा, "मिसेस ड्यूबेरी, आज वारा पश्चिमेचा." परतताना, "वाळतील चादरी." लिनेटला तशा दोन फेऱ्या पुरायच्या. तेवढ्यात बॉयलर भरायचा. एझ्रा मग पंपाची तोटी बंद करायचा आणि आणखी चार फेऱ्या नुसत्याच मारायचा. त्याचा जोडीदार, आग सांभाळणारा नाथन क्विल, सहा लेकरांचा बाप, जिभेचा तिखट. तो मला डोळा मारून ओरडायचा, "तबीथाबाई, इंजिनाला पाणी झालं! आता ड्रायव्हरला पाजतोय!"

केझियाचा नवरा बोटीवर होता, समुद्राने ठेवून घेतला. तिने रडून झाल्यावर लोकांचे कपडे धुवायला घेतले. तिच्या धुणीघरात तिची खरी दौलत होती: दगडांनी भरलेली पलंगाएवढी लाकडी पेटी. खाली गोल लाकडं, त्यांना ओलसर चादरी गुंडाळायच्या, मूठ फिरवायची, की ती अवजड पेटी गडगडत पलीकडे जायची आणि उलटी मूठ फिरवली की अलीकडे. तिच्याखालून निघालेली चादर गोठलेल्या तळ्यासारखी गुळगुळीत. गावातल्या बायका आपले कपडे तिच्या पेटीखाली दाबून न्यायच्या. केझिया ती पेटी कुणाला फिरवू द्यायची नाही. "माणसापेक्षा बरी," म्हणायची. "ओढाल तिकडे जाते, आणि परत येते."

एकदा बातमी आली की लिनेटचा पंप काढणार. फ्रान्समधल्या कुणा शहाण्याने मुठीएवढं पितळी यंत्र काढलंय. इंजिन उभं असलं तरी आपल्याच वाफेच्या जोरावर पाणी आत ढकलतं. कसं, ते कुणाला कळत नाही. नाथन तर म्हणतो, भुताटकी आहे, हात लावण्याआधी देवाचं नाव घ्यावं. पाच बहिणींना ते बसवून झालं होतं. लिनेट तेवढी राहिली होती. ती शनिवारी सकाळी कारखान्यात जाणार. आणि माझ्या कोठीच्या दाराला कंपनीचा हुकूम लागला: इंजिन परत आल्यावर जागेवरच पाणी भरेल, उगाच फेऱ्या मारून फाटक अडवायचं नाही.

म्हणजे शुक्रवारची दुपार शेवटची.

त्यात भर म्हणजे मिस्टर हॉर्नब्लो. कोळशाचे व्यापारी, विधुर, पोटावर जरीच्या फुलांचा वेस्टकोट. त्यांनी केझियाला रीतसर मागणी घातली होती आणि शुक्रवारी दुपारी उत्तर न्यायला येतो म्हणून सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हे. पण बोलायला लागला की आपल्याला वाटावं, आपण त्याच्या वखारीत उभे आहोत आणि तो आपल्याला पोत्यात भरतोय.

"काय सांगणार आहेस त्यांना?" मी केझियाला भिंतीवरून विचारलं.

ती पिळलेल्या चादरीचं टोक झटकत होती. "अजून दुसऱ्या कुणी काही विचारलेलं नाही, तबीथा. एकानेच विचारलंय. एकच पाव असला दुकानात, तर तोच घ्यावा लागतो."

"आणि दुसरा भट्टीत असला तर?"

"दोन वर्षं भट्टीत असलेल्या पावाला आमच्यात कोळसा म्हणतात," ती म्हणाली आणि चिमटे तोंडात धरले. तिच्या तोंडात कायम कपड्यांचे लाकडी चिमटे असायचे, म्हणून तिचं बोलणंही आखूड.

सबंध आठवडा पाऊस कोसळला होता. शुक्रवारी ऊन पडलं आणि केझियाने आठवड्याचं सगळं धुणं एकदम दोऱ्यांवर चढवलं. डॉक्टरांच्या चादरी, मुलींच्या शाळेचे अभ्रे, चर्चच्या धाकट्या पाद्रीबाबांचा पांढरा झगा. सगळं शनिवारी घरोघर पोचायला हवं होतं. परस म्हणजे शिडं उभारलेलं बंदर झालं होतं.

गाडी आली. लिनेट सुटली. मी फाटक लावलं.

पहिल्याच फेरीला कळलं की आज काहीतरी ठरवून आलाय. गळ्यात रविवारची गळपट्टी होती. भिंतीपाशी इंजिन आलं, टोपी उचलली गेली. "मिसेस ड्यूबेरी, आज ऊन बरं आहे."

"बरं आहे," चिमट्यांमधून केझिया.

लिनेट पुढे गेली. नाथनने कपाळाला हात लावला.

दुसरी फेरी, माघारी येताना: "उद्या लिनेट कारखान्यात जाणार."

"ऐकलं. मग?"

पण 'मग'ला उत्तर द्यायच्या आत भिंत संपली. इंजिन फाटकावरून गडगडत स्टेशनाकडे गेलं, आणि केझियाचा 'मग' चादरींमध्ये लटकत राहिला.

इतक्यात रस्त्यावर बेकरीची गाडी येऊन उभी राहिली. तिच्यामागे एक शेतकरी, दोरीला बांधलेली थोराड डुक्करीण घेऊन. मग धाकटे पाद्रीबाबा मिस्टर पिम, हातात छत्री. आणि मग हलक्या दोनचाकी घोडागाडीत, गुलाबांचा गुच्छ गुडघ्यावर ठेवून, मिस्टर हॉर्नब्लो.

"फाटक उघडा, बाई!"

"इंजिन हलतंय, साहेब. हलत्या इंजिनासमोर फाटक उघडायचं नाही, असा कंपनीचा नियम."

"ते कुठे चाललंय?"

"कुठेच नाही, साहेब. त्याला वेळ लागतो."

तिसरी फेरी. एझ्राचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा. "मग असं, की सोमवारपासून मला इकडून जायला काही कारण उरणार नाही."

केझियाने एक चिमटा तोंडातून काढला. मी बघत होते, दोरीला लावला नाही, हातातच ठेवला. "म्हणजे?"

चौथी. "म्हणजे मला कुणी नाही. एक मांजर आहे."

"नर की मादी?"

इंजिन गेलं. रस्त्यावरची सगळी माणसं आता फाटकाच्या गजांना टेकली होती. बेकरीवाल्याने गाडीतला पाव मोडून खायला घेतला. "काय विचारलं तिने?" मागून शेतकऱ्याने विचारलं.

"मांजर नर की मादी."

"महत्त्वाचं आहे," शेतकरी म्हणाला आणि डुकरिणीकडे बघून मान हलवली.

मिस्टर हॉर्नब्लो गाडीत उभे राहिले. "हा काय तमाशा आहे? मिसेस ड्यूबेरी! मी आलोय!"

"दिसतंय मला," केझिया म्हणाली. "फाटक उघडलं की या."

पाचवी. "नर! पण स्वभावाने गरीब!"

"धन्यासारखा!" नाथन ओरडला. लोक हसले. केझियाही हसली, आणि तोंडातले उरलेले चिमटे गवतात पडले. दोन वर्षांत मी तिचं हसतं तोंड चिमट्यांशिवाय पाहिलं नव्हतं. चांगलं होतं हो, तोंड!

"एझ्रा, बोल!" बेकरीवाला म्हणाला.

"सावकाश, बाळा, पण बोल!" हे पाद्रीबाबा. वयाने एझ्राच्या निम्मे.

आता इथे एक सांगायला हवं. पंपाची तोटी ड्रायव्हरच्या हाताशी असते. दुसऱ्या फेरीनंतर ती बंद करायची, हे एझ्राला झोपेतही जमायचं. त्या दिवशी तो जागा होता, हाच घोटाळा झाला. तोटी उघडीच राहिली. चाक फिरतंय, पंप चालतोय, पाणी चढतंय. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, तिच्यावर नाथनने डोळा ठेवायचा. पण नाथनचा डोळा भिंतीवर! बारा वर्षं सोबत काम केलेल्या माणसाचा जन्म मार्गी लागत असताना नळीकडे कोण बघणार? पाणी नळीच्या वरच्या टोकाच्याही वर गेलं. वाफेला जागाच राहिली नाही.

सहावी फेरी. एझ्रा पत्र्याबाहेर अर्धा वाकला. एका हातात टोपी, दुसरा हात वाफ सोडणाऱ्या दांड्यावर. भिंतीच्या मधोमध आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मोठा निघाला: "केझिया ड्यूबेरी, माझ्याशी..."

आणि जोरात बोलायच्या भरात दांडाही जोरात ओढला.

लिनेट खोकली. साधं खोकणं नव्हे; म्हातारा हसता हसता चहा नाकात गेल्यावर खोकतो तसं. चिमणीतून वाफ आलीच नाही, पाणी आलं. काळं, तेलकट, काजळीचं उकळतं पाणी, झाडाएवढं उंच उडालं, उन्हात क्षणभर चमकलं, आणि निवत निवत पाऊस होऊन खाली आलं. डॉक्टरांच्या चादरींवर. शाळेच्या अभ्र्यांवर. पाद्रीबाबांच्या झग्यावर. केझियाच्या टोपीवर. वाऱ्याने थोडं फाटकाकडे वाटलं, तेव्हा मिस्टर हॉर्नब्लोंच्या जरीच्या फुलांवरही पडलं. डुक्करीण तेवढी जशीच्या तशी होती. तिच्यावर दिसलं नाही.

इंजिन थांबलं. चादरींवरून काळे थेंब गवतावर टपटपत होते.

"नाथन," एझ्रा हळूच म्हणाला, "तोटी..."

"तुझ्या बाजूला आहे."

"काच?"

"माझ्या बाजूला आहे," नाथन म्हणाला, आणि त्यानेही टोपी काढली.

केझियाने गालावरचा काळा ओघळ पुसला, म्हणजे पसरवला. "टॅपसेल," ती म्हणाली, "उतरा खाली."

तो उतरला, भिंतीपाशी येऊन उभा राहिला. जमिनीवर, दोन्ही पाय स्थिर. आणि आटला. ओठ हलत होते, आवाज नाही. मी मनात म्हटलं, देवा, आता चमच्याचं काही बोलू नकोस रे.

फाटक आता उघडणं भागच होतं, इंजिन उभं होतं ना. मिस्टर हॉर्नब्लो तरातरा आले, गुच्छ पुढे धरून. गुलाबांवरही शिंतोडे होते. "बघितलंत, मिसेस ड्यूबेरी? हे असले लोक! माझ्याशी लग्न करा. उद्यापासून लोकांच्या चादरींना हात लावायला नको. ती दगडांची पेटी उद्याच फोडू. वाळकं लाकूड आहे, हिवाळाभर जळेल!"

केझियाने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण ज्या पुलावरून जाणार होतो तो मध्येच तुटलेला आहे हे वेळेवर दिसल्यावर माणूस बघतो, तसं.

"फुलं सुंदर आहेत," ती म्हणाली. "वेस्टकोट काढून ठेवा, धुऊन देईन. आणि माझं उत्तर 'नाही' असं आहे, मिस्टर हॉर्नब्लो. माझी पेटी जाळणाऱ्याची ऊब मला नको." मग एझ्राकडे वळली. "तुम्ही. तुमच्या त्या पाखराच्या पोटात पाणी किती आहे?"

नाथन इंजिनावरून म्हणाला, "हवं त्याच्या दीडपट, बाई. गरम. उकळतं."

"मला उद्यापर्यंत हे सगळं पुन्हा धुवायचंय. हंडा तापवत बसले तर रविवार उजाडेल. ते जास्तीचं पाणी काढून इकडे द्या."

आणि मग जे झालं ते लार्कफील्डमध्ये पुन्हा झालं नाही. नाथनने बॉयलरच्या बाजूची तोटी सैल केली. बादल्या आल्या. बेकरीवाला रुळाशी, शेतकरी भिंतीशी, पाद्रीबाबा छत्री माझ्याकडे देऊन बाह्या वर करून मध्ये. हातोहात उकळत्या पाण्याच्या बादल्या भिंतीवरून आत जात होत्या. स्टेशनमास्तर शिट्टी फुंकत धावत आला, "गाडीची वेळ! उतारू ओरडताहेत!" त्याच्याही हातात मी एक बादली दिली, ती पुढच्याच्या हातात देईपर्यंत त्याचं ओरडणं थांबलं. मिस्टर हॉर्नब्लोंनी वेस्टकोट भिंतीवर ठेवला आणि सदऱ्यावरच, गुलाब माझ्या खिडकीत ठेवून गेले. डुक्करीण फाटकाला बांधली होती. तिने माझा कोबी खाल्ला. असो.

गाडी उशिरा सुटली. जाताना एझ्राने भिंतीकडे पाहिलं, केझियाने पाठ केली होती. हात साबणात कोपरापर्यंत बुडालेले.

संध्याकाळी काम संपवून तो परत आला. पायी. मी धुणीघरात चादरीचं दुसरं टोक धरायला थांबले होते. उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ, दारातून केशरी उजेड आत आलेला, दोऱ्यांवरचं धुणं पुन्हा पांढरं होऊन दमट वाळलेलं. एझ्रा दारात उभा राहिला. टोपी फिरवत राहिला हातात. त्याला बोलायचं होतं, आणि तो उभा होता, आणि सोमवारपासून तर लिनेटही उभीच राहणार होती. त्याच्या डोळ्यांत ते सगळं दिसत होतं. मला तर बघवेना.

केझियाने ओलसर चादर गोल लाकडाला गुंडाळली, लाकूड पेटीखाली सरकवलं, आणि मुठीकडे हनुवटी दाखवली.

"फिरवा."

मी चमकले. ती मूठ तिने मलाही कधी धरू दिली नव्हती.

एझ्राने कोट काढला. मूठ धरली. दगडांची पेटी कुरकुरली, हलली, गडगडत पलीकडे गेली. त्याने उलटं फिरवलं, ती परत आली. गेली, आली. फरशी हलत होती, खिडकीच्या काचा गुणगुणत होत्या. तिसऱ्यांदा पेटी आली तेव्हा त्याचे खांदे सैल पडले. चौथ्यांदा गेली तेव्हा तो म्हणाला:

"दोन वर्षं, भिंतीपाशी आलो की मी नाथनला आग ढवळू दिली नाही. काजळी उडते."

"ठाऊक आहे," केझिया म्हणाली. "तुमच्या आधीच्या ड्रायव्हरच्या वेळी माझ्या चादरींना मिरीएवढे डाग पडायचे. तुम्ही आलात आणि बंद झाले. मला वाटलं, हा कधीतरी सांगेल."

"सांगणार होतो."

"थांबू नका! पेटी थांबली की चादरीला घडी पडते."

तो थांबला नाही. पेटी जात होती, येत होती, आणि तो माणूस बोलत होता. मी पुढच्या चादरीचं टोक धरून ऐकत होते, आणि टोक माझ्या हातात आहे हे विसरले होते. त्याने सांगितलं की वारा पश्चिमेचा असतो तेव्हा तिच्या साबणाचा वास पुढच्या स्टेशनापर्यंत त्याच्यासोबत येतो. सांगितलं की चमचा खरंच छान होता, कारण त्यात ती उलटी दिसत होती, आणि सरळ तिच्याकडे बघायची त्याची छाती नव्हती. सांगितलं की लिनेट पुढे-मागे सारखीच धावते, पण त्याला नेहमी भिंतीकडे जाणारी बाजूच पुढची वाटते. आणि मग, पेटी मधोमध आलेली असताना, त्याच वेगात, एकाही शब्दाला न अडखळता म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील का, केझिया?"

पेटी पलीकडे जाऊन परत आली.

"मांजर घेऊन या," केझिया म्हणाली. "चादरींवर बसू द्यायचं नाही."

मला वाटतं मी रडले. म्हणजे चादरीलाच डोळे पुसले, आणि केझिया ओरडली, "तबीथा! डॉक्टरांची आहे ती!"

लिनेट कारखान्यातून परत आली. बाजूला ते पितळी यंत्र लागलं होतं. आता ती स्टेशनात उभ्या उभ्याच पाणी पिते, सभ्य बाईसारखी. माझं फाटक वेळेवर उघडतं. बेकरीवाला त्यावर नाराज आहे. म्हणतो, पाव गरम पोचतात खरे, पण करमत नाही. पितळ एझ्रा अजून तसंच घासतो, आणि गाडी घेऊन स्टेशनात आला की शिट्टी देतो. मग केझिया चहाचं आधण ठेवते.

परवा ती भिंतीपाशी आली, डोळ्यांखाली काळं. "अगं, झोप नाही," म्हणाली. "रोज संध्याकाळी मूठ धरतो आणि सुरू होतो. लहानपणापासून न बोललेलं सगळं साठवून ठेवलंय त्याने. काल त्याच्या आत्याच्या बकरीपर्यंत आलो. गावात दाबायला चादर उरली नाही, तबीथा! कोऱ्या चादरी ओल्या करून देतेय मी त्याला."

"मग नको ना देऊस."

"वा! आणि बकरीचं पुढे काय झालं ते कुणाला विचारू?" ती म्हणाली आणि चिमटे तोंडात धरून वळली.

पोरींनी गाण्याला कडवं जोडलंय. दोरी फरशीवर आपटते, आणि भिंतीपलीकडून पेटीचा गडगडाट त्यांना ताल देतो:

लिनेटबाई, लिनेटबाई, आता का तू थांबली?
बोलणाऱ्याची गोष्ट बाई, पेटीपाशी लांबली.